पुण्यात टॅपरूमला पहिल्यांदाच जायचंय, दाजी फक्त स्ट्राँग पितात, काय मागवायचं?

घाटावरचा:
नमस्कार मंडळी. आम्ही फलटणकडचे, पुढच्या महिन्यात पुण्यात भाचीचं बारसं आहे रविवारी आणि आम्ही सगळे आते-मामे भाऊ शनिवारीच पोचतोय, तर धाकट्यानं काढलंय की यावेळी परमिट रूम नको, ते बिअर जिथं बनते तिथंच देतात तसल्या ठिकाणी जाऊ. मी आजवर गेलेलो नाही. फोटो बघितलेत, स्टीलच्या मोठ्या टाक्या काचेमागं आणि फळ्यावर खडूनं लिहिलेली नावं, त्यातलं मला आयपीए सोडून काही वाचता पण येत नाही आणि आयपीए म्हणजे काय तेही माहीत नाही 😀

अडचण अशी की मोठे दाजी बरोबर आहेत. दाजी म्हणजे स्ट्राँगशिवाय हात लावत नाहीत, आणि बाटली उघडली की पहिल्यांदा पाण्याच्या ग्लासात उलटी धरतात, ग्लिसरीन काढायला. खाली धारेसारखं उतरताना दिसतं ते आम्हा सगळ्यांना दाखवतात पण. त्यांना तिथं नेऊन केळ्याच्या वासाची बिअर दिली (धाकटा म्हणतो तशी असते) तर पूर्ण बारसंभर ऐकावं लागेल. वहिनी बरोबर येणार, त्या घेत नाहीत. बजेट अगदीच कमी नाही पण बिल बघून डोळे पांढरे व्हायला नकोत. परवाना वगैरे लागतो का? आणि तिथं गेल्यावर नेमकं मागायचं कसं, गावठी वाटू नये एवढंच.

फेसाळ:
गावठी वगैरे काही नसतं रे, तिथं निम्मी टेबलं तुझ्यासारखीच असतात, फरक एवढाच की ते विचारत नाहीत आणि तू विचारतोयस.

आधी दाजींचं ग्लिसरीन. हे सगळ्या महाराष्ट्राचं आवडतं शास्त्र आहे, माझे काका पण करायचे. बिअरमध्ये न आंबलेली साखर आणि बाकी काय काय विरघळलेलं असतं त्यामुळं ती साध्या पाण्यापेक्षा किंचित जड असते, बाटली पाण्यात उलटी धरली की जड ते खाली उतरतं आणि हलकं पाणी वर बाटलीत शिरतं, ती जी तेलकट रेघ दिसते ना ती बिअरच असते. म्हणजे दाजी इतकी वर्षं पैसे देऊन घेतलेली बिअर पाण्यात सोडतायत आणि बदल्यात बाटलीत पाणी भरून घेतायत. हे तू सांगू नको, बारमागच्या पोराकडून वदवून घे, जावयाला मेव्हण्यानं शिकवलेलं चालत नाही.

आता मागवायचं कसं. बसल्या बसल्या मोठा ग्लास सांगायचा नाही. सॅम्पलर किंवा फ्लाइट म्हणून असतं, लाकडी फळीवर छोटे छोटे ग्लास, चार-सहा प्रकार, टेबलावर दोन घ्या आणि सगळ्यांनी चाखा. काही ठिकाणी दोन प्रकारांत अडकलास तर घोटभर असंच चाखायला देतात, विचारायला लाजू नको. क्रम मात्र पाळ, फिक्या रंगाच्या आणि कमी कडू आधी, आयपीए (इंडिया पेल एल, चांगलीच कडू असते) आणि काळी (स्टाउट, पोर्टर) शेवटी. आयपीए आधी प्यायलास की जीभ कडू होऊन बसते आणि मग पुढची गव्हाची पाण्यासारखी लागते, आणि लोक म्हणतात गव्हाची बिअर बेकार आहे.

केळ्याचं म्हणशील तर धाकटा बरोबर आहे. जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर, हेफेवायझन, तिच्यात केळं आणि लवंग असा वास येतो, पण त्यात ना केळं असतं ना लवंग, तिचं यीस्टच तसं आहे, आंबताना ते वास तेच तयार करतं. गढूळ असते कारण यीस्ट खाली बसू देत नाहीत. पहिल्यांदा पिणाऱ्याला सगळ्यात जास्त आवडणारी हीच, त्यामुळं तुझ्या भावांसाठी ही. दाजींसाठी नको.

दाजींना जे स्ट्राँगमधलं आवडतं ते म्हणजे गोडसरपणा आणि लवकर चढणं, खरं खोटं करू नका. बाजारातल्या स्ट्राँगच्या बाटलीवर सात-आठ टक्के लिहिलेलं असतं आणि टॅपरूममधल्या बऱ्याच बिअर साडेचार-पाचच्या आसपास, म्हणून "ही पाण्यासारखी आहे" हे वाक्य येणारच. फळ्यावर नावाखाली एबीव्ही (म्हणजे अल्कोहोलचे टक्के) असा आकडा लिहिलेला असतो तो बघ. बेल्जियन पद्धतीची एखादी असेल, ट्रिपल किंवा डुबेल, तर ती दाजींची. रंगानं फिकी दिसते ट्रिपल, पण कडक असते आणि गोडाकडं झुकते. नसेल तर स्टाउट दे, कॉफी-चॉकलेटसारखी भाजलेली चव, निदान दिसायला तरी मर्दानी वाटते त्यांना. दुसरा आकडा आयबीयू, तो कडूपणाचा, दहा-पंधरा म्हणजे सौम्य, चाळीसच्या वर म्हणजे कडू.

आणि एक, "भाऊ एकदम चिल्ड दे, ग्लास पण फ्रीजमधला दे" असं म्हणू नका. फार गार झाली की जीभ बधिर होते आणि ज्याचे जादा पैसे दिले तो वासच लागत नाही. बाजारातली बिअर चिल्ड लागते त्याला कारण आहे, जरा कोमट झाली की कळतं काय पितोय ते.

बिलवाला:
फेसाळभाऊंनी चव सांगितली मी हिशोब सांगतो.

परवाना कायद्यानं लागतो. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहेच, त्याखाली पिणाऱ्याकडं परवाना पाहिजे, एक दिवसाचा पाच रुपयाचा, वर्षाचा शंभर, आजन्म हजार. बहुतेक जागी बिलातच एक दिवसाचा लावून टाकतात, कुणी विचारत नाही, पण पाच-पाच रुपये दिसले की भांडू नको. वय बिअरला २१ पूर्ण, हार्ड लिकरला २५. तुमच्यात कॉलेजातला कोण कार्टा असेल तर आधार कार्ड बरोबर ठेवायला सांग.

मेनूवरचा दर म्हणजे शेवटचा दर नाही. दारू जीएसटीत येत नाही, तिला राज्याचा व्हॅट वेगळा, जेवणाला जीएसटी वेगळा, म्हणून बिलात दोन कर दिसतात आणि लोकांना वाटतं डबल लावला. डबल नाही. सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक आहे, ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्यात की आपोआप बिलात टाकायचा नाही. आम्हाला एका ठिकाणी काढून द्यायला मॅनेजरनं अर्धा तास लावला, "सर सिस्टिममध्ये येतो", अरे मग सिस्टिममधून घालव की. सर्व्हिस चांगली असली तर पोराच्या हातात दे, त्याला पोचतं.

सगळ्यात मोठी गंमत पिंट या शब्दात आहे. कुठं ३३० एमएल, कुठं ५००, इंग्रजांचा खरा पिंट ५६८. दोन जागांचे दर शेजारी ठेवून "हे स्वस्त आहे" म्हणायच्या आधी एमएल बघायचं. बाहेरच्या स्ट्राँगच्या मोठ्या बाटलीला जे पडतं त्याच्या दुप्पट-अडीचपट एका मोठ्या ग्लासला धरून चाल, वर खाणं. सोमवार ते शुक्रवार दुपारी बऱ्याच ठिकाणी एकावर एक असतं, शनिवारी नसतं, शनिवारी तुम्ही फुल्ल पैसे देणार हे त्यांना माहीत असतं.

परमिटरूम_झिंदाबाद:
एवढा अभ्यास करून प्यायची असेल तर एमपीएससीच दे की. आमच्या इथं पाचशे रुपयात दोघं बसतो, शेंगदाणे मसाला, उकडलेलं अंडं, टीव्हीवर मॅच, वेटर नावानं ओळखतो. तिथं फ्राइजलाच अडीचशे घेतात आणि त्या पण मोजून देतात. दाजींचं म्हणणं मला पटतं.

फेसाळ:
@परमिटरूम_झिंदाबाद अरे तुझी जागा कुणी हिसकावत नाहीये. चखण्याच्या बाबतीत मात्र शंभर टक्के तुझ्या बाजूनं, टॅपरूमवाल्यांना शेंगदाणा मसाला जमत नाही, वर चेरी टोमॅटो घालून ठेवतात.

मोसंबी:
मी वहिनींच्या वतीनं बोलते कारण मी घेत नाही आणि नवऱ्याच्या ग्रुपबरोबर मला सगळीकडं जावं लागतं 😐

न पिणाऱ्या बाईला सगळ्यात जास्त वैताग कशाचा येतो माहितीये का, पाणी आणि कोक यापलीकडं कुणी काही विचारत नाही. एका नावाजलेल्या ठिकाणी तर वेटरनं मेनू फक्त पुरुषांना दिला, बायकांना ठेवलाच नाही, बाकीच्या दोघी पिणाऱ्या होत्या त्यांना पण नाही. त्यामुळं जायच्या आधी फोन करून विचारा की बिनदारूचं काय आहे. काही ठिकाणी जिंजर एल घरचं बनवतात, आलं चांगलं झोंबतं, ते माझं आवडतं. कोकम-सोडा प्रकार पण असतात, पण नीट विचारून घ्यायचं कारण पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सची सॉल्टेड कोकम म्हणून एक आहे ती सरबत नाही, बिअरच आहे, आंबट-खारट. नवऱ्यानं घेतलेली, वास घेतला तर अगदी आईच्या कोकमाच्या आगळासारखा. ज्याला बिअर कडू लागते म्हणून आवडत नाही त्याला ही द्या. आणि सायडर म्हणजे सफरचंदाचा रस समजून वहिनींना देऊ नका, त्यात पण अल्कोहोल असतं, आमच्या एका नणंदेला असंच "ज्यूस आहे गं" म्हणून दिलं होतं कुणीतरी, नंतर घरात जे झालं ते झालं.

वेळ दुपारची निवडा. रात्री आठनंतर डीजे चालू होतो आणि मग समोरच्याला काय म्हणतोस ते ओठांवरून ओळखावं लागतं. दुपारी गेलं की पत्ते, लुडो, जेंगा घेऊन बसलेली पोरं असतात, मुंबईतल्या डूलालीच्या टॅपरूममध्ये तर बोर्ड गेमची कपाटंच असतात. दाजींना रमीचा डाव मिळाला की बिअर स्ट्राँग आहे का नाही हे विसरतील ते.

इंदिरानगर_ते_निगडी:
पुण्यातल्या टॅपरूम ठीक आहेत पण बेंगळुरूत राहिलेल्या माणसाला विचारा. इंदिरानगरचं टॉइट २०१० पासून आहे, शनिवारी दुपारी रांग लागते, तिथं आपल्या आई-वडिलांना घेऊन आलेली माणसं बघितलीयत मी. संस्कृती म्हणतात ती ही.

फेसाळ:
@इंदिरानगर_ते_निगडी बेंगळुरूवाल्यांनो, डूलाली २००९ ला सुरू झालं आणि ते पुण्यात, कोरिंथियन्स हॉटेलात, महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी (जागेवरच बिअर बनवणारी छोटी ब्रुअरी). मुंबईला नंतर गेले. आणि तुमचं टॉइट आता कल्याणीनगरला पण आहे, तेव्हा निगडीहून तिकडं जा आणि रांगेत उभा राहा, घरच्यासारखं वाटेल.

इंदिरानगर_ते_निगडी:
कल्याणीनगरला गेलोय. टाकी तीच, हवा ती नाही. बेंगळुरूत संध्याकाळी बाहेर बसता येतं, इथं एप्रिलमध्ये बाहेर बसलं की बिअरचा चहा होतो.

घाटावरचा:
लय भारी, सगळ्यांना धन्स. वहिनींचं मी खरंच धरलंच नव्हतं, जिंजर एल विचारतो फोन करून. अजून एक, धाकट्याला ते टाक्या आतून बघायच्यात, दाखवतात का? आणि ताजी कुठली आहे हे ओळखायचं कसं, खराब असली तर परत देता येते का? आम्ही गुपचूप पिणारी माणसं, परत द्यायची म्हटलं तर घाम फुटतो.

टाकीमागचा:
मी एका ब्रुअरीत काम केलंय, नाव सांगत नाही, आता त्या धंद्यात नाही.

दाखवतात, पण शनिवारी नाही. शनिवारी आतल्या माणसाला श्वास घ्यायला वेळ नसतो आणि बिअर बनवायचं काम बहुतेक आठवड्यातच उरकतात. एखाद्या मंगळवार-बुधवारी सकाळी अकरा-बाराला गेलात आणि नशिबानं ब्रू चालू असला तर लांबूनच वास येतो, ओल्या सातूचा, साधारण गव्हाची खीर शिजताना येतो त्याच्या जवळचा. सातूला मोड आणून वाळवलेलं म्हणजे माल्ट, ते भरडायचं, पासष्ट-सदुसष्ट डिग्रीच्या पाण्यात तासभर धरायचं म्हणजे त्यातल्या पिठाची साखर होते. तापमान चुकलं की सगळा घाणा चुकला, दोन-तीन डिग्रीनं बिअर पातळ का जाड ते ठरतं. मग ते गोड पाणी गाळून घ्यायचं, हॉप्स (कडूपणा आणि वास देणारी फुलं) टाकून तासभर उकळायचं, पटकन थंड करायचं आणि यीस्ट टाकायचं. एल प्रकारची बिअर असेल तर अठरा-वीस डिग्रीला आठ-दहा दिवसात मुख्य काम होतं. लागर हा दुसरा प्रकार, ती थंडीत हळूहळू करावी लागते, कित्येक आठवडे टाकी अडकून पडते, म्हणून छोट्या जागी लागर कमी दिसते, टाकी अडकली म्हणजे पैसे अडकले.

लोकांना वाटतं मस्त काम असेल, दिवसभर बिअर चाखायची. दिवसभर गमबूट घालून धुणं-पुसणं असतं. टाकी धुवा, पाइप धुवा, कॉस्टिकनं धुवा, परत पाण्यानं धुवा. गाळून उरलेला चोथा फावड्यानं ओढून बाहेर काढायचा, गरम वाफ तोंडावर येते, पाठ मोडते. आमच्याकडं तो चोथा एक गोठेवाला टेंपोनं न्यायचा, म्हशी चवीनं खायच्या, एखाद्या दिवशी ब्रू नसला की त्याचाच फोन यायचा की आज माल का नाही.

आता खराब ओळखायचं. हे पाठ कर. पॉपकॉर्नवरच्या बटरसारखा वास आला, जिभेवर तुपकट वाटलं, तर घाईनं काढलीये, यीस्टला शेवटचं काम करू दिलं नाही. व्हिनेगरसारखी आंबट लागली (आणि फळ्यावर सावर, म्हणजे मुद्दाम आंबट केलेली, असं लिहिलेलं नसलं) तर टाकीत नसेल बिघडली, टाकीपासून नळापर्यंतची नळी घाण आहे. ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली तर जुनी आहे, हवा लागलीये. केळं लागलं तर गव्हाच्या बिअरमध्ये बरोबर, लागरमध्ये चूक. गढूळपणावरून काही ठरवू नको, गव्हाची गढूळच पाहिजे.

परत द्यायची असली तर दोन घोट घेऊनच सांगायची, अर्धा ग्लास संपवून नाही. "आवडली नाही" असं म्हणायचं नाही, "ही बटरसारखी लागतेय, जरा चाखून बघता का" म्हणायचं. चांगल्या जागी बारमागचा माणूस स्वतः घोट घेतो आणि गप बदलून देतो. चाखायलाच नकार दिला तर तिथं दुसरा ग्लास मागवू नका, उठा.

ताजी कुठली हे सरळ विचार, "आत्ता कुठली टाकी नवीन लावलीये?" एवढा एक प्रश्न विचारलास की तो माणूस खुलतो, कारण दिवसभर त्याला लोक फक्त "सबसे स्ट्राँग कौनसा है" विचारतात.

घाटावरचा:
शेवटचं वाक्य दाजींचंच आहे 😂 शब्दशः

बिलवाला:
एक राहिलं, तारीख बघून घे. ड्राय डे असला तर मायक्रोब्रुअरीला वेगळी सूट नसते. २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट सगळ्यांना पाठ असतं पण आषाढी एकादशी विसरतात, आणि पुण्यात गणपतीत जिल्हाधिकारी वेगळे दिवस जाहीर करतात. निवडणूक असली की मतदानाच्या आधीपासूनच बंद. पाहुणे फलटणहून आले आणि शटर खाली, असं नको.

मोसंबी:
आणि गाडी कोण चालवणार ते आधी ठरवा, तिथं बसल्यावर नाही. "मी एकच घेतलीये" म्हणणारा प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच.

बिलवाला:
हो हे महत्त्वाचं. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, शंभर एमएल रक्तात तीस मिलिग्रॅमची मर्यादा आहे, एका मोठ्या ग्लासातच काही जण तिथं पोचतात. पहिल्यांदा सापडलास तर दहा हजारापर्यंत दंड किंवा सहा महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि शनिवारी रात्री नाक्यानाक्यावर मशीन घेऊन उभे असतात. बारशाला मामा पोलीस स्टेशनात नको.

फेसाळ:
तुमचा मुक्काम कुठं आहे? कोथरूड-वनाज बाजूला असेल तर गाडी घरीच ठेवा, वनाज ते रामवाडी मेट्रो आहे, बंडगार्डन, येरवडा, कल्याणीनगर सगळी स्टेशनं त्याच लायनीवर. परतीची शेवटची गाडी कितीला आहे ते जातानाच स्टेशनवर बघून घ्या. आठ जणांना रात्री अकराला दोन कॅब मिळणं म्हणजे कॅन्सल-कॅन्सलचा खेळ.

घाटावरचा:
मुक्काम कोथरूडलाच आहे ताईकडं, म्हणजे मेट्रो जमतंय. दुपारी बाराला जातो, चारपर्यंत उठतो, वहिनी पण म्हणाल्या दुपारचं बरं. ब्रुअरीतून बाटलीत भरून घरी नेता येते का? दाजींना नाहीच आवडली तर पाहुण्यांना तरी देऊ.

टाकीमागचा:
ग्राउलर म्हणतात, काही जागी भरून देतात, तिथंच विचार. पण ही पाश्चराइज केलेली नसते, आत यीस्ट जिवंत असतं, घरी गेल्या गेल्या फ्रीजमध्ये आणि शक्यतो दुसऱ्या दिवशीच्या आत संपवायची. मेट्रोतून नेऊ नका, कॅबनं न्या, आणि डिकीत उन्हात ठेवून मध्येच बारशाची खरेदी करत बसू नका. फ्रीजमध्ये ठेवलीत तर वर चिठ्ठी लावा, बारशाच्या घरात कुणीतरी उसाचा रस समजून लहान पोरांना ओतायचं.